जुनी चांदी मोडीत घालण्याआधी ठसे वाचा

मा. संपादक,

चांदीचा किलोचा भाव लाखाच्या पलीकडे गेल्यापासून जुनी भांडी घेऊन सराफाच्या दुकानात आलेली माणसे नौपाड्यात, जांभळी नाक्यावर वारंवार दिसतात. अडीअडचणीला घरची चांदी विकण्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार आहे ती भांडे उलटे करूनही न पाहता मोडीत घेण्याबद्दल.

आमचे पणजोबा जीआयपी रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी चांदीची किटली, दुधाचे भांडे आणि साखरेचे भांडे घेतले, असे आजी सांगत असे. वाटण्या झाल्या तेव्हा किटली आमच्याकडे आली आणि उरलेली दोन भांडी धाकट्या काकांकडे गेली. गेल्या वर्षी काकूंनी ती दोन्ही मोडीत दिली. दुकानदाराने वजन केले, घट धरली आणि पैसे हातावर ठेवले. काकूंना मी बोल लावत नाही; त्या भांड्यांवर काही वाचण्यासारखे असेल, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

हे समजल्यावर मी आमच्या किटलीचा तळ भिंगातून पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढे पाच ठसे एका ओळीत आहेत: चालता सिंह, जहाजाचा नांगर, एक अक्षर, राणीचा मुखवटा आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरे. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण, तर अक्षरावरून वर्ष लागते. मुखवटा कर भरल्याची खूण होता आणि ती पद्धत १८९० मध्ये बंद झाली, म्हणजे आमची किटली त्याआधीची. चांदीतून उष्णता फार वेगाने पसरते, म्हणून हात पोळू नये यासाठी मुठीच्या दोन्ही सांध्यांत हस्तिदंताच्या पातळ चकत्या बसवल्या आहेत. मोडीच्या हिशेबात त्या चकत्या केवळ वजनातून वजा होतात.

मोल असलेली सगळीच भांडी विलायती असतात असेही नाही. भूजचे नामवंत कारागीर उमरसी मावजी यांच्या कच्छी नक्षीच्या भांड्यांवर 'ओएम' ही अक्षरे असतात आणि जाणकार ती चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देऊन घेतात. उलट 'ईपीएनएस' असा ठसा असेल तर चांदीचा नुसता मुलामा, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच. तेव्हा ठसे वाचल्याने फसवणूकही टळते.

शंभर वर्षांपूर्वीची अशी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तीच वस्तू मुशीत टाकताना मात्र कोणी हटकत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ठाण्यातील सराफांना माझी विनंती आहे की, जुने भांडे तराजूत ठेवण्यापूर्वी त्याचा तळ गिऱ्हाइकाला दाखवावा, ठसा असेल तर त्याचा अर्थ सांगावा आणि घरी जाऊन विचार करायला एक दिवस द्यावा. आपल्या वृत्तपत्रानेही या ठशांची चित्रे एकदा मोठ्या आकारात छापावीत, म्हणजे घरोघरच्या काकूंना ती कात्रण करून कपाटात ठेवता येतील.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे