होतकरू विकायचे की वाढवायचे? आधी हक्काची वर्षं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै संपत आला, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली, की अमेरिकी बेसबॉलमध्ये दरवर्षी एकच वाद रंगतो. होतकरू पोरं देऊन तयार खेळाडू आणायचा, की घरचीच पोरं वाढवून संघ उभा करायचा? आपल्याकडे हा वाद आयपीएलच्या नजरेनं वाचला जातो आणि तिथंच गफलत होते. आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि संघ जवळजवळ मोडून पुन्हा बांधला जातो. बेसबॉलमध्ये अठराव्या वर्षी करारबद्ध केलेला मुलगा दहा-अकरा वर्षं एकाच संघाच्या ताब्यात राहू शकतो. त्यामुळे खेळाडूच्या गुणांइतकीच किंमत त्याच्यावरच्या हक्काच्या वर्षांना असते.

मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरच्या, यादीत १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही. त्यातली पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात; २०२५ मध्ये ते ७ लाख ६० हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीनं वाढतो, पण खुल्या बाजारापेक्षा कमीच राहतो. आणि खुला बाजार म्हणजे काय? नामांकित बॅटर ह्वान सोटोनं डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी केलेला १५ वर्षांचा करार ७६ कोटी ५० लाख डॉलरचा आहे, वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाख. संघ या १७२ दिवसांवर किती बारीक नजर ठेवतात, ते क्रिस ब्रायंटच्या उदाहरणातून कळतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जनं त्याला हंगाम सुरू झाल्यावर, एप्रिलच्या मध्यावर, मेजर लीगमध्ये बोलावलं. त्या हंगामात त्याचे १७१ दिवस भरले आणि संघाला त्याच्यावर आणखी एका वर्षाचा हक्क मिळाला. शिवाय ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) निवड विकता येत नाही, अपवाद फक्त छोट्या शहरांच्या आणि कमी उत्पन्नाच्या संघांना मिळणाऱ्या काही जादा निवडींचा. म्हणून जुलैच्या बाजारात चालणारं मुख्य चलन म्हणजे मायनर लीगमधला, म्हणजे खालच्या पातळीवर तयार होत असलेला, होतकरू खेळाडू.

हे चलन सर्वांत सढळ हातानं खर्च करतात सॅन दिएगो पाद्रेसचे संघबांधणी प्रमुख ए. जे. प्रेलर. २ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांनी वॉशिंग्टन नॅशनल्सकडून सोटो आणि जॉश बेल आणले. बदल्यात सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना हे पाच तरुण आणि ल्यूक व्होइट गेले. सोटोवर तेव्हा अडीच हंगामांचा हक्क शिल्लक होता. पहिल्या वर्षी संघ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि फिलाडेल्फियाकडून ४-१ हरला. २०२३ मध्ये सोटोनं ३५ होम रन मारले, १३२ वेळा वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) मिळवला, तरी संघ ८२ विजय, ८० पराभव यांवर थांबला आणि बाद फेरीच हुकली. त्या डिसेंबरात सोटोला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवावं लागलं. इकडे एब्रम्स २०२४ मध्ये, तर वुड आणि गोर २०२५ मध्ये ऑल-स्टार झाले, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले.

एवढं वाचून वॉशिंग्टनचा सौदा जिंकला असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. नॅशनल्सनी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ७१ सामने जिंकले, २०२५ मध्ये ६६, आणि त्याच जुलैत जनरल मॅनेजर (संघबांधणी करणारा) आणि मॅनेजर (सामन्यात संघ चालवणारा) दोघांनाही घरी पाठवलं. दुसऱ्याच्या शेतातली तीन-चार उत्तम रोपं आणून लावली, पण स्वतःच्या ड्राफ्टमधून त्यांच्या जोडीला पुरेसं पीक आलं नाही. संघाला २६ खेळाडू लागतात. एका सौद्यातून तेवढे कधीच येत नाहीत.

पाद्रेसला सावरलं ते घरच्या पोरानं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये २७व्या क्रमांकावर घेतलेल्या जॅक्सन मेरिलला प्रेलरनी कोणत्याही सौद्यात जाऊ दिलं नाही. तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून वाढला होता, पण ती जागा भरलेली होती. म्हणून २०२४ च्या हंगामात विसाव्या वर्षी त्याला थेट सेंटर फील्डमध्ये, मैदानाच्या मागच्या मध्यभागी, उभं केलं. त्यानं .२९२ च्या सरासरीनं २४ होम रन मारले आणि संघानं ९३ सामने जिंकले. अर्थात यात सोटोच्या बदल्यात यांकीजकडून आलेल्या पिचर (चेंडू टाकणारा) मायकेल किंगचाही वाटा मोठा होता. त्या वर्षी त्याची ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या धावांची दर नऊ इनिंग्जमागची सरासरी; कमी तितकी चांगली) २.९५ होती. घरचं आणि बाहेरचं दोन्ही जुळलं, ते याच वर्षी.

म्हणूनच ३१ जुलै २०२५ चा सौदा मला खटकतो. अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डी व्रीस आणि आणखी तीन तरुण पिचर ॲथलेटिक्स संघाला देऊन पाद्रेसनी क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) मेसन मिलर आणि पिचर जे. पी. सियर्स घेतले. मिलरवर २०२९ पर्यंत हक्क आहे आणि त्याचा चेंडू ताशी १०० मैलांच्या वर जातो, हे खरं. पण क्लोजर वर्षभरात साठ-सत्तर इनिंग्ज टाकतो, तर शॉर्टस्टॉप दीडशे सामन्यांत रोज उतरतो. त्या ऑक्टोबरात पाद्रेस पहिल्याच फेरीत कब्जकडून बाहेर पडले. हरलेल्या दोन्ही सामन्यांत त्यांची एकेकच धाव झाली. धावाच नसतील तर नवव्या इनिंगमधला पिचर काय राखणार?

आता दुसरं टोक. बाल्टिमोर ओरिओल्सनी घरूनच संघ बांधायचं ठरवलं आणि २०१८, २०१९ आणि २०२१ मध्ये अनुक्रमे ११५, १०८ आणि ११० सामने हरले. त्या पराभवांतून २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर ॲडली रचमन मिळाला, त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत गनर हेंडरसन आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर जॅक्सन हॉलिडे. २०२३ मध्ये १०१ विजय मिळाले, पण बाद फेरीत टेक्सासनं ३-० नं झोपवलं. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध दोन सामने मिळून एक धाव. २०२५ मध्ये थेट ७५-८७. दुखणं एकच होतं: इनफिल्डमध्ये (बेसजवळच्या जागांवर) पाच-सहा जण दाटीवाटीनं उभे आणि सामना सुरू करणारे पिचर मोजकेच. २०२४ मध्ये कायल ब्रॅडिशच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२५ मध्ये ग्रेसन रॉड्रिग्ज पूर्ण हंगाम बाहेर राहिला, तेव्हा मागे उभं करायला कुणी नव्हतं. बॅटर साठवून ठेवणं म्हणजे बांधणी नव्हे. ज्या जागेवर गर्दी झाली आहे तिथला खेळाडू, त्याची किंमत चढलेली असतानाच, दोन-तीन वर्षांचा हक्क असलेल्या पिचरसाठी द्यायला हवा होता. पिचर कॉर्बिन बर्न्सला आणलं, पण तो एकाच हंगामापुरता.

विकायला कोण काढावा, याचं माझं उत्तर असं. पहिला, ज्याची जागा मेजर लीगच्या संघात पुढची चार-पाच वर्षं अडलेली आहे तो. दुसरा, खालच्या पातळीवरचा तरुण पिचर, कारण कोपराचा लिगामेंट फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने जातात आणि पूर्वीचा वेग परत येईलच असं नाही. ह्यूस्टननं ऑगस्ट २०१७ मध्ये पिचर जस्टिन व्हरलँडर आणला तेव्हा सौद्यातला मोठा मोहरा होता पिचर फ्रँकलिन पेरेझ. दुखापतींमुळे तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही आणि ह्यूस्टन त्याच वर्षी विजेता झाला. तिसऱ्या प्रकाराकडे वाचकांचं सहसा लक्ष जात नाही. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्या मुलाला पाच हंगामांनंतर (त्याहून मोठ्याला चार) नोव्हेंबरात मेजर लीग संघाच्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. यादीत जागा होणार नाही हे जुलैतच दिसत असेल, तर फुकट जाण्यापेक्षा तेव्हाच द्यावा.

दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी मात्र उत्तम होतकरू देऊ नये. १९८७ मध्ये डेट्रॉइटनं पिचर डॉइल अलेक्झांडर आणला. त्यानं नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, संघानं विभाग जिंकला, पण पुढच्याच मालिकेत मिनेसोटाकडून हरला. त्याच्या बदल्यात अटलांटाला गेलेला पिचर जॉन स्मोल्ट्झ २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने) घेऊन हॉल ऑफ फेममध्ये पोचला. १९९० मध्ये बॉस्टननं पिचर लॅरी अँडरसनच्या २२ इनिंग्जसाठी होतकरू बॅटर जेफ बॅगवेल दिला, त्यानं ह्यूस्टनसाठी ४४९ होम रन मारले. अपवाद मी एकच मानतो: २०१६ चे कब्ज. विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ, बाकी संघ तयार, फक्त शेवटच्या इनिंगच्या पिचरची जागा रिकामी. तिथं क्लोजर अरोल्डिस चॅपमनसाठी होतकरू ग्लेबर टोरेस देणं योग्यच होतं, कारण टोरेसची शॉर्टस्टॉपची जागा ॲडिसन रसेलनं आधीच धरली होती.

पाद्रेस १९६९ पासून खेळताहेत आणि अजून एकदाही विश्वविजेते झालेले नाहीत. त्यांच्या चाहत्यांची घाई मला समजते. तरीही मेरिलसारखे आणखी तीन-चार घडेपर्यंत प्रेलरनी हात आवरावा, असं मनापासून वाटतं.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. अशा सौद्याची बातमी देताना होम रन आणि ईआरएच्या जोडीला प्रत्येक खेळाडूवर संघाचा हक्क किती वर्षांचा आहे, आणि दिलेला मुलगा मायनर लीगच्या कोणत्या पातळीवर कोणत्या जागी खेळत होता, एवढं एका ओळीत जरूर छापावं.

आपला,
एक वाचक, पुणे