कैद्यांच्या बदल्यात निर्बंध : बेलारूसमधील जुनाच सौदा

संपादक महाशय,

बेलारूसच्या तुरुंगांतून १३ डिसेंबर २०२५ रोजी १२३ कैदी बाहेर आले. शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी अलेस बियालियात्स्की आणि २०२०च्या आंदोलनाच्या नेत्या मारिया कोलेस्निकोवा हे दोघेही त्यांत होते, याचा आनंद लोकशाही मानणाऱ्या प्रत्येकाला झाला असेल, मलाही झाला. परंतु ज्या देवाणघेवाणीतून हे घडले, तिच्याकडे मुत्सद्देगिरीचे निर्भेळ यश म्हणून पाहणे मला पटत नाही. या कैद्यांच्या बदल्यात अमेरिकेने बेलारूसच्या पोटॅशवरील निर्बंध उठवले, आणि खतासाठी लागणारे हे खनिज त्या देशाला परकीय चलन मिळवून देणाऱ्या प्रमुख उत्पादनांपैकी एक आहे. त्याआधी सप्टेंबरमध्ये ५२ कैदी सोडले गेले, तेव्हा बेलाव्हिया या सरकारी विमान कंपनीवरील निर्बंध उठले होते.

असा सौदा पहिल्यांदाच झाला असता, तर कदाचित मी हे पत्र लिहिलेही नसते. १९९४पासून सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर लुकाशेन्को यांनी ऑगस्ट २००८मध्ये विरोधी उमेदवार अलेक्झांडर काझुलिन यांना सोडले आणि दोनच महिन्यांत युरोपीय संघाने त्यांच्या राजवटीतील लोकांवरील बहुतेक प्रवासबंदी स्थगित केली. डिसेंबर २०१०च्या निवडणुकीच्या रात्री राजधानी मिन्स्कमध्ये शेकडो लोकांना पकडण्यात आले. विरोधातल्या नऊ अध्यक्षीय उमेदवारांपैकी सात जण त्यांत होते. पुन्हा निर्बंध आले. ऑगस्ट २०१५मध्ये सहा राजकीय कैदी सुटले, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये युरोपीय संघाने स्वतः लुकाशेन्को यांच्यासह १७० जणांवरील निर्बंध मागे घेतले. त्यानंतर आली ऑगस्ट २०२०ची निवडणूक, लुकाशेन्को यांना मिळाल्याचे सरकारने जाहीर केलेली ८० टक्के मते, रस्त्यावर उतरलेले लाखो लोक आणि हजारोंची धरपकड. प्रत्येक वेळी माणसे आधी आत टाकायची, मग त्यांचीच किंमत वसूल करायची, हा त्या राजवटीचा क्रम कधी बदललेला नाही.

मिकोला स्तात्केविच यांच्या आयुष्यात हा सारा क्रम एकवटलेला दिसतो. २०१०मध्ये ते अध्यक्षपदाचे उमेदवार होते, म्हणून तुरुंगात गेले. २०१५मध्ये सुटलेल्या सहा जणांत ते होते. मे २०२०मध्ये निवडणुकीपूर्वीच त्यांना पुन्हा पकडले गेले आणि पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांना इतरांबरोबर बसमधून लिथुआनियाच्या सीमेवर नेण्यात आले, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले हे गृहस्थ बसचे दार जबरदस्तीने उघडून खाली उतरले. आपण देश सोडणार नाही, असे सांगून ते दोन सीमांमधल्या पट्ट्यात कित्येक तास बसून राहिले, आणि शेवटी त्यांची रवानगी पुन्हा तुरुंगात झाली. पलीकडे काही पावलांवर स्वातंत्र्य होते. पण ते केवळ परदेशात उपभोगता येणारे होते, आणि त्यांनी ते नाकारले.

कोलेस्निकोवा यांनीही सप्टेंबर २०२०मध्ये हेच केले होते. त्यांना बळजबरीने युक्रेनमध्ये धाडले जात असताना त्यांनी आपला पासपोर्ट फाडून टाकला, म्हणून त्यांना सीमा ओलांडायला लावता आले नाही. त्यानंतर ११ वर्षांची शिक्षा, तुरुंगात असताना झालेली गंभीर शस्त्रक्रिया आणि दीड वर्षाहून अधिक काळ कुटुंबीयांशी कोणताही संपर्क नाही, एवढे सोसून झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये त्यांना अखेर युक्रेनमध्येच पाठवण्यात आले. राजवटीला पाच वर्षांपूर्वी जे साधायचे होते ते तिने साधले, आणि वर मोबदलाही मिळवला. त्यातच सप्टेंबर २०२३च्या हुकुमानुसार बेलारूसच्या परदेशांतील वकिलाती आपल्या नागरिकांच्या पासपोर्टचे नूतनीकरण करीत नाहीत. म्हणजे हद्दपार झालेल्या माणसाने कागदपत्रांसाठी मायदेशी, अटक करणाऱ्यांच्याच दारी, जायचे, नाहीतर परक्या देशाच्या दयेवर राहायचे.

तरीही वाटाघाटी करूच नयेत, असे मी म्हणणार नाही. या तुरुंगांत राजकीय कैद्यांच्या कपड्यांवर पिवळी पट्टी लावली जाते, आणि जाकिटाचे एखादे बटण उघडे राहिले तरी तो शिस्तभंग ठरवून फौजदारी संहितेच्या कलम ४११खाली नवी शिक्षा जोडता येते. विरोधी कार्यकर्ते वितोल्द अशुराक २०२१मध्ये आणि चित्रकार अलेस पुश्किन २०२३मध्ये कैदेतच मरण पावले. ज्याचे माणूस अशा कोठडीत आजारी पडले आहे, त्याला तत्त्वासाठी थांबायला सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. माझा आक्षेप माणसे सोडवण्याला नाही, तर डोकी मोजून किंमत चुकती करण्याला आहे. डिसेंबरमधील सुटकेनंतरही, बियालियात्स्की यांनी स्थापन केलेल्या ‘व्यास्ना’ या मानवाधिकार संघटनेच्या यादीत एक हजाराहून अधिक राजकीय कैदी उरले होते, आणि अटका थांबलेल्या नव्हत्या. उद्याच्या सौद्यासाठी आजच भरती चालू असेल, तर किती सुटले हा आकडा काहीच सांगत नाही.

म्हणून निर्बंध उठवण्याची अट किती कैदी सुटले ही नसावी. कलम ४११चा वापर थांबला का, सुटलेल्यांना आपल्या घरी राहता येते का, वकिलातींतून पासपोर्ट मिळू लागले का आणि ठरावीक काळात नव्या राजकीय अटका झाल्या का, हे पाहूनच प्रत्येक सवलत द्यावी, आणि अट मोडताच ती आपोआप रद्द व्हावी. युरोपीय देशांनी स्वतःच्या कारभाराकडेही पाहायला हवे. २०११मध्ये बियालियात्स्की यांना करचुकवेगिरीच्या आरोपाखाली साडेचार वर्षांची शिक्षा झाली, ती लिथुआनिया आणि पोलंड यांनीच मिन्स्कला पुरवलेल्या बँक खात्यांच्या माहितीवरून. दोन्ही देशांनी पुढे खेद व्यक्त केला, पण माणूस तोवर आत गेला होता.

त्याच लिथुआनियाने सप्टेंबर २०२४मध्ये उचललेले पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बेलारूस आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. परंतु माणसांना बळाने सीमेपार ढकलण्याचा गुन्हा शेजारच्या सदस्य देशाच्या भूमीवर पूर्ण होतो, या आधारावर लिथुआनियाने हे प्रकरण त्या न्यायालयाकडे सोपवले. जानेवारी २०२५पासून युक्रेनही त्या न्यायालयाचा सदस्य आहे, आणि डिसेंबरमधील १२३ पैकी ११४ जणांना तिकडेच पाठवण्यात आले. त्यांच्या जबान्या आठवणी ताज्या असतानाच नोंदवून घ्याव्यात, त्यासाठी लागणारा निधी आणि साक्षीदारांना राहण्याचे परवाने युरोपीय संघाने द्यावेत, आणि इतर सदस्य देशांनी लिथुआनियाच्या अर्जाला जाहीर पाठिंबा द्यावा. पोटॅशच्या पुढच्या वाटाघाटी सुरू होण्याआधी एवढे तरी व्हायला हवे.

आपला,
एक वाचक