पोट साफ व्हायला आधी संडासाला कडी हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईल उघडला की बद्धकोष्ठावर रोज काहीतरी येतंच, हे चूर्ण घ्या, तो काढा प्या, उठल्याउठल्या कोमट पाण्यात तूप घाला, आणि मीही त्यातलं बरंचसं करून बघितलंय, आधी सासूबाईंसाठी आणि मग माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी. मुलीच्या बाबतीत जे समजलं ते बाकीच्या आयांना कळावं म्हणून लिहितेय, विषय जरा लाजेचा आहे पण लाजत बसलो म्हणूनच एवढे दिवस गेले.

गेल्या पावसाळ्यात तिच्या चड्डीला थोडं थोडं लागायला लागलं. मला वाटलं पोट बिघडलंय, म्हणून चार दिवस नुसता मऊ भात आणि ताक दिलं, भाजी फळं सगळं बंद केलं, वर ओरडलेसुद्धा की एवढी मोठी झालीस आणि कळत नाही का. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले हे जुलाब नाहीत, मळ आत साचून खडा झालाय आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपतंय, ते तिला कळतही नाही, तिच्यावर ओरडू नका. मला त्या क्षणी रडू आलं. मग त्यांनी तिलाच विचारलं, बाय, शाळेत संडासला जातेस? तिने मान हलवली, नाही म्हणून.

घरी येऊन तिची पाण्याची बाटली बघितली. भरलेली. सकाळी सातला बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसताना मी भरून द्यायची, दुपारी दोनला ती तशीच परत यायची, आणि मी रोज ते पाणी तुळशीत ओतायचे, कधी मनात आलं नाही की हे पोर सात तास पाणी का पीत नाही. तर कारण असं की मुलींच्या संडासाला आतून कडीच नाही, एक मैत्रीण दार धरून उभी राहते, आणि बादलीत पाणी नसतं. पाणी प्यायलं की जावं लागणार, म्हणून प्यायचंच नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण चार ओळखीच्या बायकांशी बोलले तर तिघींच्या मुली हेच करतात, शाळा वेगवेगळ्या.

कळ आली की दाबायची, मग आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ कडक होतो, करताना दुखतं, दुखतं म्हणून पोर आणखी दाबतं, आणि असं खूप दिवस चाललं की तिथला भाग ताणून कळ येणंच कमी होतं. मोठ्यांचंही वेगळं नाही, दिवसभर दुकानात किंवा बसमध्ये असलेल्या बायकांना विचारा.

डॉक्टरांनी आधी औषध देऊन साचलेलं काढलं, आणि पुढे काही महिने सिरप चालू ठेवायला सांगितलं, मध्येच थांबवायचं नाही म्हणाले. बाकी काम घरचं. नाश्ता झाला की पोटात अन्न जाताच आतडी आपोआप हालतात, म्हणून नाश्त्यानंतर दहा मिनिटं बसायचं, घाई नाही, मोबाईल नाही. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही, आम्ही पायाखाली पाट ठेवला, गुडघे वर आले की उकिडवं बसल्यासारखं होतं आणि वाट सरळ होते. यासाठी तिला पाऊण तास आधी उठवावं लागतं, ते सगळ्यात अवघड आहे, खरं सांगते.

खाण्यात म्हणाल तर आपल्याकडे काय कमी आहे हो? पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घ्यायला लागलो, नाचणीचं तिझान म्हणजे खीर, अळसांद्याचं म्हणजे चवळीचं तोणाक, तांबडी भाजी, पावसात तायकिळा म्हणजे टाकळ्याची भाजी, म्हापशाच्या बाजारातून मयड्याची केळी पण चांगली पिकलेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय की मोठ्यांच्या पोटात रोज किमान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, जावेत आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या 21, आणि शंभर ग्रॅम पेरूतच पाच ग्रॅमच्या वर असतात. मात्र हे हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं, आणि पाणी नसेल तर तंतू खाऊन उलट जास्त अडकतं. इसबगोलचंही तेच, भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं.

सासूबाईंची गोष्ट निराळी. त्या कितीतरी वर्षं रोज रात्री एक चूर्ण घ्यायच्या, डबीवर बारीक अक्षरात सोनामुखी. सोनामुखी आतड्याला ढकलून काम करून घेते, अधूनमधून ठीक, पण वर्षानुवर्षं रोज आपल्याच मनाने घ्यायची वस्तू नव्हे, झाडपाला आहे म्हणून काय झालं. आणि त्यांच्या लोहाच्या न् कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट घट्ट होतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या, थायरॉईडही तपासलं, आता त्या वैद्यांना विचारून थोडं त्रिफळा घेतात तेही रोज नाही. मळात रक्त दिसलं, वजन उतरलं, पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलली, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा, मूळव्याधच असेल असं धरून बसू नका.

आणि संपादकसाहेब, आपल्या पेपरातून पालक-शिक्षक संघांना एवढं विचारा की तुमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासात कोणी स्वतः जाऊन बघितलंय का. मी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा दोन मिनिटं सगळे गप्प होते, मग मागून एक आई म्हणाली माझीपण जात नाही. पुढच्या आठवड्यात नवी कडी लागली. बादलीत पाणी अजून मधल्या सुट्टीपर्यंतच पुरतं, त्यासाठी परत जाणार आहे.

आपली,
एक आई, फोंडा