पेठेतल्या सायकलवाल्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

दुकानात येऊन तोंडी आभार मानले, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पाना हातात घ्याल आणि विषय बदलाल, हे ठाऊक असल्यामुळे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवण्याचे कारण असे की, माझ्या नणंदेने आणि मी पुणे ते रत्नागिरी हा सहा दिवसांचा प्रवास केल्यापासून, घरी रोड बाईक, म्हणजे बारीक टायरांची वेगासाठी बनवलेली सायकल, असलेले आणि तीवर तंबू बांधून निघावेसे वाटणारे बरेच जण मला सायकलविषयी विचारतात. मी त्यांना जे सांगते ते सारे तुमचेच आहे, तेव्हा ते तुमच्या नावावर जमा व्हावे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एक फजिती होऊन गेली होती. रोड बाईकच्या फ्रेमला बहुधा कॅरिअरचे बोल्ट बसवण्यासाठी भोके नसतात. म्हणून दुसऱ्या एका दुकानातून मी सीटच्या दांडीला आवळायचे कॅरिअर घेतले होते. मुळशीच्या अलीकडे एका खड्ड्यात ते दांडीभोवती गर्रकन फिरले, बॅगेचा पट्टा मागच्या चाकात गेला आणि चोवीस तारांपैकी दोन तुटल्या. टेम्पोत सायकल टाकून परत आल्यावर तुमच्यासमोर माझी मागणी एकच होती : याहून मोठे आणि मजबूत कॅरिअर बसवून द्या. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. दुकानातल्या मुलाला हँडल धरायला सांगून तुम्ही मला सीटवर बसवलेत, मागच्या चाकाशेजारी, जिथे बॅग लटकली असती नेमक्या त्या जागी, ग्रीसने माखलेला तळहात उभा धरलात आणि म्हणालात, "ताई, आता पॅडल उलटं फिरवा." पहिल्याच फेऱ्यात माझी टाच तुमच्या हातावर आपटली. पॅडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर माझ्या सायकलला जेमतेम ४१ सेंटिमीटर आहे आणि लांब पल्ल्याच्या सायकलींना ते ४५च्या आसपास ठेवतात, हे तुम्ही टेप लावून नंतर दाखवलेत. मला पटले होते ते टाच आपटली तेव्हाच.

त्यानंतर तुम्ही जे केलेत ते दुकानदाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. कॅरिअर विकण्याऐवजी तुम्ही मला घरी जाऊन सगळे सामान घेऊन यायला सांगितलेत. आतून ताणकाटा काढलात, एकेक वस्तू हुकाला अडकवलीत आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूने वजने मांडत गेलात. बेरीज साडेअकरा किलो झाली. शेगडी, तिचे गॅसचे डबडे आणि पातेले पाहून तुम्ही विचारलेत, "कोकणात कुणी उपाशी ठेवणार आहे का तुम्हाला?" ते पुसले गेले. जास्तीचे बूट गेले, जीन्स गेली, जाडजूड साखळी-कुलूप गेले. सोलापुरी चादर १,४०० ग्रॅम भरली तेव्हा मी थोडी हट्टाला पेटले होते हे कबूल करते, पण समुद्रकाठच्या डिसेंबरात तिची गरज नव्हती. तिच्याऐवजी आईच्या जुन्या सुती पातळाची खोळ शिवून घेतली, ती ४०० ग्रॅममध्ये बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोललेत तेव्हा शटरवरचा आकडा पावणेसात किलोवर आला होता. "आता सायकलला हात लावू," असे तुम्ही तेव्हा म्हणालात, आणि हाच क्रम बरोबर होता हे मी आता ज्याला त्याला सांगत असते.

सायकलीत तुम्ही केलेले बदल मोजकेच होते. मागचे चाक बत्तीस तारांचे विणून दिलेत, कारण रोड बाईकच्या कमी तारांच्या चाकावर स्वार आणि सामान यांचा मिळून भार पडला की प्रत्येक तारेच्या वाट्याला जास्त भार येतो, आणि एक तार तुटली तरी असे चाक एवढे वाकडे फिरू लागते की त्याची कड ब्रेकला घासते. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला आवळपट्टीने बाटली लावण्याचा माझा बेत तुम्ही साफ फेटाळलात. चिमटा कार्बनचा आहे आणि तो आवळण्यासाठी बनवलेला नाही, एवढेच सांगितलेत. टायर २५ऐवजी २८ मिलिमीटरचे घातलेत. मला ३२चे हवे होते, तेव्हा तुम्ही चार मिलिमीटरची अ‍ॅलन की टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीतून सरकवलीत. ती दोन्ही बाजूंना घासत, कशीबशी पलीकडे गेली. "लाल माती चिकटली की एवढीही जागा राहत नाही," या तुमच्या वाक्यानंतर वाद संपला.

सर्वांत मोलाचा बदल गिअरचा. पुढे ३४ आणि मागे २८ दाते, हा माझा सर्वांत हलका गिअर होता, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाई. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या डिरेलरचा पिंजरा आखूड असल्यामुळे मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा मोठा संच, चालणार नव्हती. तुम्ही लांब पिंजऱ्याचा डिरेलर लावलात, ११ ते ३४ दात्यांची कॅसेट बसवलीत आणि चेन तेवढी वाढवलीत. आता पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण २.१ मीटर. हा अर्ध्या मीटरचा फरक घाटात कळेल असे मला वाटले होते, परंतु ताम्हिणी तर आम्हांला उतरायचाच होता. तो कळला किनाऱ्याच्या रस्त्यावर, जिथे दर खाडीपाशी धक्क्यापर्यंत उतरायचे, जंगल जेट्टीत, म्हणजे वाहने नेणाऱ्या फेरीबोटीत, सायकल घालून पलीकडे जायचे आणि उतरताक्षणी, अंग थंड असतानाच, पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचे. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, तिन्ही ठिकाणी हेच घडले. धोपाव्याच्या चढावर आम्ही दोघी सीटवर बसून चढलो, एकदाही उतरून ढकलावे लागले नाही.

सामान भरण्याबाबतही तुमचेच नियम पाळले. हत्यारे, ट्यूब, खाऊ असे जड सामान फ्रेमच्या त्रिकोणातल्या बॅगेत. सीटमागच्या लांबट बॅगेत तळाशी, म्हणजे सीटच्या दांडीलगत, त्यातल्या त्यात जड कपडे आणि शेपटीकडे खोळ, जेणेकरून ती बॅग उभे राहून पॅडल मारताना डोलू नये. दांडीवर तुम्ही गुंडाळून दिलेल्या जुन्या ट्यूबच्या पट्टीमुळे बॅगेचा पट्टा सहा दिवसांत तसूभरही घसरला नाही. तंबू दोघींत वाटून घेतला : कापड माझ्या हँडलला, काठ्या नणंदेच्या. हँडलच्या बॅगेमागे ब्रेकची केबल दबत नाही ना ते रोज सकाळी पाहा, असे तुम्ही बजावले होते. तिसऱ्या दिवशी मी ते पाहिले नाही आणि केळशीपर्यंत पुढचा ब्रेक अर्धवट लागलेल्या स्थितीत सायकल हाकत राहिले. दोष वाऱ्याला देत होते.

त्या रात्री तंबू किनाऱ्यावर न ठोकता एका वाडीत, मालकांची परवानगी घेऊन ठोकला. त्या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा वाळूवर दिवे मिरवणे योग्य नव्हे. वाडीतली जमीनही भुसभुशीतच होती आणि खुंट्या टिकेनात. यजमानांच्या आईंनी चार करवंट्या आणून दिल्या. त्यांना दोऱ्या बांधून हातभर खोल पुरल्या, तेव्हा तंबू ताठ उभा राहिला. ही युक्ती तुमच्या संग्रहात नसेल असे वाटते, म्हणून मुद्दाम कळवते.

एका बाबतीत मात्र तुमचे म्हणणे मी मोडले. तुम्ही दोन्ही टायरांत १०० पीएसआय (पंपावरच्या काट्यावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) हवा भरून दिली होती. माणगावच्या पुढच्या उखडलेल्या रस्त्यावर मनगटे बधिर झाल्यावर मी मागे ८० आणि पुढे ७०वर आणली, तेव्हा सायकल सुसह्य झाली. पंक्चर एकही झाले नाही. आपल्याकडे टायर दगडासारखा लागला म्हणजे हवा बरोबर, ही समजूत जुन्या दुकानांतून अजून जात नाही, राग नसावा.

आरे-वारेचा शेवटचा चढ चढून रत्नागिरीत पोहोचलो तेव्हा मागचे चाक तुम्ही दिले तसेच सरळ फिरत होते. पॅडलच्या आसाकडून मात्र वाळूची करकर ऐकू येते, म्हणून येत्या आठवड्यात सायकल घेऊन येते. नणंदेचीही आणणार आहे. तिला माझ्यासारखीच कॅसेट हवी आहे, आणि पुढच्या खेपेला मालवणपर्यंत जायचे म्हणून तिने आतापासूनच एक मोठी पिशवी भरून ठेवली आहे. तीही सोबत आणते. ताणकाटा हाताशी ठेवावा.

आपली नम्र,
मुळशीहून टेम्पोतून परत आलेली ताई