ट्रॅक नको साहेब, पायवाट मोकळी करून द्या

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की सकाळी धावणाऱ्या आमच्यासारख्या लोकांना एक आश्वासन हमखास मिळतं, जॉगिंग ट्रॅकचं. कधीकधी तो होतोसुद्धा. मग बागेतली चांगली घट्ट मातीची वाट उकरून तिथं पेव्हर ब्लॉक बसतात, कडेला ओपन जिमची चार यंत्रं येतात, एक सेल्फी पॉइंट होतो आणि कोनशिला लागते. त्या ब्लॉकवर वर्षभर पळून बघा, हा खर्च कुणासाठी झाला ते गुडघेच सांगतील. म्हणून आधीच सांगून टाकते, आम्हाला नवीन काही बांधून नकोय. ज्या वाटा आहेत त्या कुणी अडवू नयेत, नांगरू नयेत आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतू नये, एवढंच मागणं आहे.

सोलापुरात कसलं आलंय रान आणि कसले डोंगर, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. आता आपलीच माणसंही विचारायला लागली आहेत. वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण बार्शीच्या अंगाला बालाघाटाची रांग आहे, माळशिरसच्या अंगाला शंभूमहादेवाची. मधे मैलोन्‌मैल माळरान. आणि शहराला अगदी खेटून, विजापूर रोडला, वन खात्याचं सिद्धेश्वर वनविहार आहे.

वनविहारातून एकदा तरी पहाटे पायी चला, गाडी बाहेर ठेवून. कडुनिंब, बाभूळ, बोरीची झुडपं आणि मधून मुरमाची वाट. पावसाची सर येऊन गेली तरी थोड्या वेळात या वाटेवर पळता येतं, कारण मुरूम पाणी धरत नाही. तेच काळ्या रानात शिरलात तर चार पावलांत बुटाला किलोभर चिखल. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळांचा मोसम सुरू होतो. हे कुसळ नुसतं टोचत नाही. त्याच्या शेपटीला पीळ असतो, ओल लागली की तो पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत टोक आत घुसत जातं. बी जमिनीत पेरायची ती गवताची युक्ती आहे; आमच्या मोज्यात ओल घामाची मिळते, एवढाच फरक. घरी आल्यावर पायरीवर बसून एकेक कुसळ उपसणं हा इथल्या धावण्याचाच भाग आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार रस्त्यांची आहे. वनविहारातला पल्ला छोटा. पंधरा-वीस किलोमीटर पळायचं म्हटलं की महामार्गाची कड धरावी लागते. गाळप हंगामात पहाटेच्या अंधारात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या येतात. बहुतेकांना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. ऊस बाहेर एवढा लोंबत असतो की कडेच्या माणसाला चाटून जावा. आमच्यातल्या कित्येक बायकांनी हिवाळ्यात लांब पळणं याच कारणानं सोडलं. डांबरापासून दोन शेतं आत गेलं की हा सगळा प्रश्नच मिटतो, आणि आत जायला वाट असते. निदान कागदावर असते.

तो कागद आपल्या तहसील कार्यालयात आहे. कुठल्याही गावाचा गाव नकाशा काढून बघा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे रस्ते कुणाच्या मेहेरबानीचे नाहीत, नोंदीतले आहेत. सव्वाआठ फुटांत दोन माणसं शेजारी शेजारी आरामात पळतात, समोरून शेरडांचा कळप आला तरी कुणाची अडचण होत नाही. प्रत्यक्षात त्या रेघेवर गेलं की कुठं तुरीची ओळ उभी असते, कुठं ठिबकच्या नळ्या, कुठं नवं तारेचं कुंपण. याची झळ आमच्याआधी शेतकऱ्यालाच बसते. बांधाच्या आणि वाटेच्या भांडणात तहसीलदारांच्या कोर्टात किती खेटे होतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

२०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे, मोजणी करून अतिक्रमण काढायची सोयही आहे. तेव्हा नवीन योजना, नवीन नाव, खर्चाचं नवीन लेखाशीर्ष काहीच लागत नाही. या योजनेतून जिथं वाट मोकळी होतेय, तिथं एका कडेला चार फुटांची मातीची पट्टी सोडायची आणि त्या बाजूला कडुनिंबाची झाडं लावायची. बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेला जाणारी पोरं, आम्ही, सगळे त्यावरून जाऊ. शेतकऱ्याच्या पिकात पाय टाकणाऱ्याला गावानं खुशाल हाकलावं, आमचं त्यात दुमत नाही.

धावणं म्हणजे शहरातल्या रिकाम्या लोकांची हौस, असं काहींना वाटतं. माळावर एक मेंढका नेहमी विचारायचा, "काय मालक, मागं कोण लागलंय का?" बाई आहे हे लक्षात आल्यावर "ताई" म्हणायला लागला, प्रश्न मात्र तोच. हसायला येतं खरं, पण आषाढात याच जिल्ह्यात माउलींच्या सोहळ्यातले वारकरी वेळापूरच्या अलीकडे उतारावरून धावत सुटतात, त्याला धावाच म्हणतात. तुकोबांना त्या जागेवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. ऐंशीच्या घरातली माणसं तो उतार पळतात. धावायला कारण लागतं, बूट लागतातच असं नाही.

त्याच माळशिरस तालुक्यात कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाट आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला तिथून कावडी शिखर शिंगणापूरला चढवतात. पाण्यानं भरलेले जड रांजण, उभी चढण, आणि माणसांची साखळी करून कावड वर सरकवत नेणारे भाविक. यात्रा संपली की वर्षभर ही वाट रिकामी असते. सोलापूर जिल्ह्यातून सुरू होणारी डोंगरात पळायची याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही. सह्याद्रीतल्या लोकांना ती बुटकी वाटेल, वाटू दे. माझी भीती वेगळीच आहे. आम्ही कौतुक केलं की कुणीतरी तिथं रेलिंग, रंगीत पायऱ्या आणि हायमास्ट मंजूर करून आणेल. कृपा करून तसं काही करू नका. पायथ्याला पाण्याची टाकी आणि वाटेचा एक साधा फलक, पुरे.

बार्शीकडची गोष्ट जरा नाजूक आहे. पांगरीच्या पुढं हद्द ओलांडली की धाराशिव जिल्ह्यातलं येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य लागतं. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ तिथं कॅमेऱ्यात दिसला आणि मग बार्शीच्या गावांत जनावरं मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या काळात आमच्यापर्यंत पोचत होते ते फक्त व्हॉट्सॲपवरचे खरे-खोटे व्हिडिओ. वाघ आला याचं दुःख नाही, उलट अभिमानच वाटला. पण कुठल्या वाटेनं आज जाऊ नये, हे जंगलाच्या तोंडाशी फळ्यावर खडूनं लिहिलेलं असावं की नाही? हे काम दोन जिल्ह्यांच्या वन कार्यालयांनी आपसात बोलून करायचं आहे. त्याला निधी लागत नाही, एक फोन लागतो.

आणि एक जागा अशी आहे जिथं आम्हाला येऊच देऊ नका, ती म्हणजे नान्नजचा माळ. पळायला त्याच्याइतकी सुंदर जागा नाही. सपाट, गवताळ, नजर टाकावी तिथपर्यंत आभाळ, आणि लांबून पळणारी काळविटं. पण १९७९ मध्ये हे अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, आणि आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. आमच्या दोनशे जणांचा एक घोळका पावसाळ्यात तिथून गेला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. "नान्नज ट्रेल रन" असा प्रस्ताव उद्या कुणी आपल्याकडे घेऊन आला, भले तो आमच्याच गटातला असो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जिल्हाभर एकदम काही करा असं म्हणत नाही. सुरुवातीला तीनच वाटा घ्या. वनविहार आणि त्याला लागून जेवढे गाडीमार्ग नकाशावर सापडतील ते. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावाभोवतीची गावं; १८७१ पासूनचा हा तलाव, थंडीत पाहुण्या पक्ष्यांनी भरतो. आणि कोथळे ते मुंगी घाट. भूमिअभिलेखचा एक मोजणीदार, वनरक्षक, गावचे कोतवाल आणि आमच्यातले दोघं, एवढ्यांनी नकाशा हातात घेऊन वाट चालायची. किलोमीटरला एक दगड, त्याला चुना, त्यावर आकडा. जिथं वाट अडलेली असेल तिथला पंचनामा त्याच दिवशी.

कोथळ्याची वाट आधी घ्यावी अशी विनंती आहे. चैत्री यात्रेसाठी दरवर्षी तिथं महसूल, पोलीस आणि वन खात्याची माणसं जमतातच. त्या तयारीतच हे बसवता येईल. आमच्यातले दोघं यायला तयार आहेत, फक्त वेळ पहाटेची ठेवा. दहानंतर त्या कातळावर उभं राहवत नाही.

आपली,
सोलापूरची एक धावणारी नागरिक