‘पाऊस कमी झाला’ एवढंच?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतलं १९७२ सालच्या घडामोडींचं पान मी आईला वाचून दाखवलं. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यामुळे रविवारचा पेपर मी मोठ्यानं वाचते आणि ती लसूण सोलत ऐकते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले, हे तिनं ऐकलं. सिमला करार ऐकला. म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, हे वाचलं तेव्हा तिनं मला थांबवून विचारलं, “पोरं होती का गं?” डिसेंबरात अपोलो १७ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले आणि पान संपत आलं. मग ती म्हणाली, “आन् आमचं?”

आमचं एक वाक्य होतं. ‘या वर्षी महाराष्ट्रात पाऊस कमी झाला.’ ते वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण लसणाची पाटी बाजूला सरकवून आत जाऊन पडली. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे.

आपलं दैनिक सोलापुरातून निघतं. सोलापूर जिल्ह्यात बहात्तरच्या दुष्काळाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांची वयं अजून ‘दुष्काळाच्या आदल्या साली झालेला’ अशी सांगतात. आम्ही मंगळवेढा तालुक्यातले. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या मुलखातले. दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठारं उघडली ती आमच्याच गावंदरीत. त्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेव्हा पेरलेलं बी उगवलं नाही. ७० सालापासून पाऊस हात राखूनच पडत होता, बहात्तरला त्यानं पाठ फिरवली. त्या हिवाळ्यात आमच्या घरी रेशनची मिलो आली. लाल ज्वारी, अमेरिकेतली. पिठाला विरीच नव्हती. आई आधणाचं पाणी घालून मळायची, तरी थापताना भाकरीला चिरा पडायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. धाकटा भाऊ ती भाकरी बघून रडायचा. मालदांडीची पांढरी भाकरी खाल्लेली जीभ ती. आई म्हणायची, “पोटाला लागतंय ना? मग तोंडाला इचारू नगं.”

आणि आई दुष्काळी कामावर होती. आमच्या गावापासून चार-साडेचार किलोमीटरवर रस्त्याचं काम निघालं होतं. बाया खडी फोडायच्या. हातोडी निसटून बोटं चेचू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बोटांत घालायच्या. मी दहा वर्षांची होते. शाळा सोडून भावाला सांभाळायला मी तिथंच असायची, बाभळीला झोळी बांधलेली. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ मिळायचा. तो मिळतो म्हणून मला कामावर जायला आवडायचं, हे आज सांगताना गळा दाटतो. एके दिवशी दगडाची कपची उडून आईच्या डोळ्यात गेली. पदराचा बोळा डोळ्यावर धरून ती बसून राहिली आणि मग एका डोळ्यानं ढीग पुरा केला, कारण माप भरलं नाही तर हजेरी लागत नव्हती. तरीही मुकादमानं ती हजेरी अर्धीच मांडली. डॉक्टरकडे नेईपर्यंत सहा दिवस गेले होते. तो डोळा परत आला नाही.

आपल्या पानावर खडी फोडणाऱ्या बायांचा एक फोटो आहे. त्याखाली ‘ग्रामीण जीवनाचे एक दृश्य’ असं छापलं आहे. संपादक महोदय, ते ग्रामीण जीवन नव्हतं. त्या बाया रोज असं जगत नव्हत्या. त्यांतल्या कित्येकींच्या घरी जमिनी होत्या, बैल होते. चाऱ्यावाचून ते बैल बाजारात मातीमोल विकून त्या खडीवर आल्या होत्या.

पुरवणीत असंही छापलं आहे की १९७२ मध्ये घरोघरी दूरदर्शन आलं. २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं, ते मुंबईत. आमच्या गावात तेव्हा वीजच नव्हती. सबंध गावात एक रेडिओ, तो ग्रामपंचायतीत, आणि संध्याकाळी बातम्यांना बापे माणसं तिथं जमायची, ती पाण्याचं आणि चाऱ्याचं काही सांगतात का ते ऐकायला. पिनकोड त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला हे आपण बरोबर दिलं आहे.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून आणखी एक सांगते. जगाच्या बातम्या एका बाजूला आणि आमचा दुष्काळ दुसऱ्या बाजूला अशी त्या पानाची मांडणीच चुकली आहे. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं आणि त्यानं जगभरचं पाऊसमान बिघडतं. पेरूच्या किनाऱ्यावरची मासेमारी कोसळली, आफ्रिकेत साहेलच्या पट्ट्यात गुरं मेली, रशियातही पीक बुडालं. मग त्या उन्हाळ्यात रशियानं अमेरिकेकडून एक कोटी टनांहून जास्त धान्य गुपचूप खरेदी केलं आणि जगाच्या बाजारात गव्हाचे भाव भडकले. आपल्या सरकारला धान्यासाठी बाहेर हात पसरावे लागले ते त्याच बाजारात. आईच्या परातीतली लाल मिलो ही जगाचीच बातमी होती. निक्सन आणि रशियाचे नेते ब्रेझनेव्ह यांच्या भेटीला आपण तीन ओळी दिल्या, या धान्याला एकही नाही.

राज्यात काय घडलं तेही नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची कल्पना याच दुष्काळात खऱ्या अर्थानं उभी राहिली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तो उचलला. त्या ५० लाखांत माझी आई होती. तिच्या हातची खडी घातलेल्या रस्त्यावरून आज ऊस कारखान्याला जातो.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तेव्हा आम्ही माण नदीच्या वाळूत झरे खणून वाटीवाटीनं घागर भरायचो. आता जिल्ह्यात ११७ टीएमसीचं उजनी धरण उभं आहे आणि इथं जुळे सोलापुरात आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री दोनला. धरण उशाला आणि कोरड घशाला. नव्वदी गाठलेली माझी आई पाण्याचा आवाज आला की अजून दचकून उठते आणि कळशी शोधते. पाणी येण्याची वेळ तरी आदल्या दिवशी आपल्या पेपरात छापून येत जावी, इतकी विनंती मी यापूर्वी दोनदा कळवली आहे.

या पत्रासाठी जागा नसेल तर पत्र छापू नका, पण त्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात द्या. ‘१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रिया’ असं लिहा. आणि आपला एखादा वार्ताहर खरोखर काही विचारणार असेल, तर त्याला आमच्याकडे पाठवा. आईची हातोडी आम्ही जपून ठेवली आहे. तिला तारखा नीट सांगता येतात, माणसांची नावंही. दुपारी चारनंतर यावं, त्याआधी ती झोपते. तिच्या उजव्या बाजूला बसावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर