बाबा, टाचेबरोबर पाठही दाखवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही झाडावरून पडलात त्याचा विषय काढला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून दादाबरोबर पत्र पाठवतेय. शेवटपर्यंत वाचा.

"दोन्ही पायांवर पडलो, टाच तेवढी ठणकतेय," असं म्हणालात. मला त्या टाचेचीच धास्ती वाटते. उंचावरून टाचांवर आदळलं की दणका पायांतून थेट कण्यात जातो. टाचेचं हाड मोडलेल्या काहींचा कमरेचा मणकाही दबलेला निघतो, आणि टाचेच्या कळांपुढे पाठीकडे लक्षच जात नाही. क्रेप बँडेज गुंडाळून हे निभणार नाही. उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा, टाच आणि पाठ दोन्ही दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगा. डोकं जरासं आपटलं असेल तर तेही लपवू नका. या गोळीमुळे डोक्यातला रक्तस्राव काही दिवसांनीही उघडकीला येऊ शकतो.

लहानपणापासून चढताय, ठाऊक आहे. मला पहिल्यांदा फांदीवर तुम्हीच बसवलंत. पण तीन मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो आणि आदळताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. तेवढ्यात दुसरी फांदी धरणं विशीतही जमलं नसतं. फांदी हिरवी होती म्हणता, पण फळांनी ती आधीच वाकलेली. शेंड्याकडे सरकाल तसा तिच्या मुळाशी ताण वाढतो. त्यात दवाने साल निसरडी.

आई, त्या दिवशी तू त्यांना काखेत हात घालून उठवलंस. घाबरलेलं कुणीही तेच करेल. पण पुन्हा कुणीही पडलं तर उठवू नको, बसवू नको. मान न हलवता तसंच पडू दे, पायाची बोटं हलतात का विचार आणि रुग्णवाहिका बोलाव. मणका मोडला असेल तर उचलताना कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते, पाय कायमचे जाऊ शकतात.

वरची फळं पाखरांना राहू देत. जमिनीवरून लांब काठीचा झेला पोचेल तेवढीच काढा, आणि विजेच्या तारांच्या आसपास तोही नको. हंगाम संपला की मी येते, माणूस बोलावून शेंडा छाटून घेऊ. बाबा, तुम्ही खुर्चीत बसून सांगा कुठली फांदी ठेवायची.

डॉक्टरांकडून निघालात की लगेच फोन करा. वाट बघतेय.

तुमची,
लेक